मांडव आणि रंगमंच : ठाणे-कल्याण परिसरातील लोकसंगीताच्या ‘शोधा’चा इतिहास

१

लोकसंगीताचा ‘शोध लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो नेमका कोणाला लागलेला असतो? जे गात असतात त्यांच्या लेखी ते कधी हरवलेलेच नसते. शोध लागतो तो श्रोत्याला. आणि तोही एका विशिष्ट श्रोत्याला, म्हणजे शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या, तिकीट काढून खुर्चीवर बसणाऱ्या श्रोत्याला. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात संग्राहकांच्या कार्याची दखल पुष्कळ घेतली गेली आहे. साने गुरुजी, दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर ही नावे विद्यापीठीय अभ्यासक्रमांत रुजली आहेत. श्रोत्याकडे मात्र आपण त्या मानाने थोडेच लक्ष दिले. वास्तविक गेल्या अर्धशतकात सुशिक्षित मराठी माणसाचा लोकसंगीताशी जो संबंध आला, तो संग्रहांच्या पुस्तकांतून थोडा आणि रंगमंचीय कार्यक्रमांतून व महोत्सवांतून फार, असा आहे. या संबंधाचा इतिहास एका मर्यादित भूभागापुरता पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा भूभाग ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा. तो निवडण्यास कारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यास पोचली, आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. त्या मार्गाने पुढे दीडशे वर्षे माणसे येत राहिली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर भरली. परंतु रेल्वे येण्याच्या आधीपासून येथे आगरी, कोळी, वारली, ठाकर, कातकरी राहत होते आणि त्यांची गाणी येथेच गायली जात होती. पुण्या-मुंबईच्या रसिकाला लोकसंगीत ‘कुठेतरी दूर, गावाकडे’ असते असे वाटणे क्षम्य आहे. डोंबिवलीच्या रसिकाला ती सोय नाही. आयरे, नांदिवली, सागाव, भोपर ही गावे त्याच्या वसाहतीला लागून आहेत. किंबहुना त्याची वसाहतच त्या गावांच्या भातखाचरांवर उभी आहे. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा रेल्वे स्थानकाला भिडलेला आहे, आणि येऊरच्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत. तेव्हा येथे प्रश्न अंतराचा नसून ऐकण्याचा आहे.

या इतिहासातील एक श्रोता मी स्वतःही आहे, हे सांगून टाकणे बरे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी डोंबिवली पूर्वेस राहत असे. ठाण्यास लोकगीतांचा एक कार्यक्रम पाहून शेवटच्या लोकलने परतलो होतो. मनात कार्यक्रमातले कोळीनृत्य घोळत होते. घराकडे वळताना रस्त्यालगतच्या एका आगरी घरासमोर लग्नाचा मांडव होता. आतून दोन-तीन वयस्क बायकांचा, वाद्यावाचून, एका संथ चालीत चाललेला आवाज येत होता. तो आवाज मी दर लग्नसराईत ऐकत आलो होतो आणि दर वेळी खिडकी लावून घेत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा मनात आले की, नुकतेच पैसे देऊन जे ऐकले त्याचा याच्याशी काही संबंध असेल. म्हणजे मांडवातले गाणे मला ऐकू आले ते रंगमंचाने कान तयार केल्यावर. हे ऋण मान्य करूनच रंगमंचाविषयी पुढचे बोलणे योग्य होईल.

२

या परिसरात अभिजात संगीताच्या श्रवणाला संस्थात्मक आधार लवकर मिळाला. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ ची, आणि तीमागे भास्करबुवा बखले यांच्या गायकीचे स्मरण होते. ठाण्यात पं. राम मराठे यांचे वास्तव्य होते, आणि त्यांच्या निधनानंतर (१९८९) त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ महानगरपालिकेचा संगीत समारोह होऊ लागला. लोकसंगीताला असा समाज नव्हता, कारण त्याला तशी गरज नव्हती; त्याचा समाज म्हणजे गावकी, पंचक्रोशी, दिंडी, जत्रा. गरज उत्पन्न झाली ती श्रोता बदलल्यावर. १९७८ मध्ये ठाण्यास गडकरी रंगायतन उभे राहिले. पुढे कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आले. बंदिस्त नाट्यगृह, तीन तासांचा खेळ, मध्यंतरातला बटाटावडा आणि साडेअकराच्या सुमारास घड्याळाकडे वळणाऱ्या नजरा अशी एक श्रवणाची चौकट सिद्ध झाली. (उपनगरी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याने शेवटच्या लोकलला एक प्रकरण द्यावे. पुष्कळशा भैरव्या तिनेच आटोपत्या घेतल्या आहेत.)

या चौकटीत लोकसंगीत आले ते मुख्यतः शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाच्या रूपाने. साबळे (१९२३–२०१५) स्वतः शाहिरीच्या आणि मुक्तनाट्याच्या परंपरेत वाढलेले कलावंत. १९८० च्या दशकात त्यांनी गोंधळ, वासुदेव, वाघ्या-मुरळी, जोगवा, भलरी, कोळीनृत्य, लावणी, मंगळागौर असे अनेक प्रकार एका सूत्रात गुंफून सादर केले, आणि दूरदर्शनने ते घराघरांत नेले. त्याचे अनुकरण शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून गृहसंकुलांच्या गणेशोत्सवापर्यंत सर्वत्र झाले. याच काळात अशोक दा. रानडे यांनी एक वेगळा प्रयत्न केला. ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) लिहिणाऱ्या या संगीतशास्त्रज्ञाने ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ यांसारखे विषयाधिष्ठित कार्यक्रम रंगमंचावर आणले. त्यांत गाण्याइतकेच निरूपणाला स्थान होते : हे गाणे कोण, कोणासाठी, कोणत्या वेळी म्हणते याचा खुलासा श्रोत्याला गाण्याआधी मिळत असे. संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मानून त्यांच्यातली देवघेव रानड्यांनी दाखवली. तिचा येथे उपयोग असा, की लोकसंगीत रंगमंचावर आले म्हणजे ते त्याच कोटीत राहते का, हा प्रश्न त्यातून विचारता येतो.

साबळ्यांच्या कार्यक्रमाचे सामर्थ्य त्याच्या नावातच आहे. ‘महाराष्ट्राची’ आणि ‘धारा’ हे दोन्ही शब्द ठामपणे काही प्रतिपादतात. जेजुरीचा वाघ्या, तुळजापूरचा गोंधळी, किनाऱ्यावरचा कोळी आणि घाटावरचा शेतकरी हे एका प्रवाहाचे घटक आहेत, असा तो दावा आहे. १९६० नंतरच्या महाराष्ट्राला असा दावा हवाच होता. पण त्यामुळे एक घडले. प्रत्येक प्रकाराला चार-सहा मिनिटे मिळाली, आणि ज्याचा आरंभ व शेवट रंगमंचीय होऊ शकत होता तेच त्या चार-सहा मिनिटांत मावले. जे मावले त्यालाच श्रोता ‘लोकसंगीत’ म्हणून ओळखू लागला.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत ‘ब्लूग्रास’ म्हणून जे संगीत आज पारंपरिक मानले जाते, त्याचे नावच मुळी एका वाद्यवृंदावरून आले आहे : केंटकी राज्यातील बिल मन्रो यांचा ‘ब्लू ग्रास बॉइज’. १९३९ मध्ये मन्रो नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणीवरील कार्यक्रमात दाखल झाले. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे बँजोवादक त्यांना येऊन मिळाले, आणि तीन बोटांनी वाजवण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे या वृंदाचा नाद निश्चित झाला. डोंगरी वस्त्यांतली जुनी गीते, चर्चमधले समूहगान आणि कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ यांतून ध्वनिक्षेपकासमोर घडवलेले हे संगीत होते. १९६५ मध्ये व्हर्जिनिया राज्यात फिनकॅसल येथे कार्लटन हेनी यांनी ब्लूग्रासचा पहिला अनेकदिवसीय महोत्सव भरवला, आणि त्यात मन्रो यांना मध्यभागी ठेवून या संगीताचा इतिहासच क्रमाने सादर केला. म्हणजे वीस वर्षांच्या संगीताला परंपरा प्राप्त झाली ती महोत्सवाच्या मंचावर. नील रोझेनबर्ग यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात हा प्रवास तपशिलाने पाहावयास मिळतो. हॉब्सबॉम आणि रेंजर यांच्या ‘परंपरेच्या निर्मिती’च्या सिद्धान्ताला (१९८३) हे उदाहरण सहज बसते. मात्र असे म्हणताना ‘निर्माण केलेली’ म्हणजे ‘खोटी’ असा अर्थ घेण्याची घाई आपल्याकडे होते. ती टाळावयास हवी. मन्रो यांचे गाणे खोटे नव्हते, साबळ्यांचेही नव्हते. विचारायचे ते एवढेच, की या निर्मितीत काय आत घेतले गेले आणि काय बाहेर राहिले.

३

बाहेर राहूनही न मेलेल्या एका परंपरेचा प्रथम विचार करू. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांनी शक्ती-तुऱ्याचे सामने, नमन-खेळे, दशावतार आणि डबलबारी भजने आपल्याबरोबर आणली. परळचे दामोदर नाट्यगृह ही एकेकाळी या मंडळींची हक्काची जागा होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटत गेले, आणि त्यातली पुष्कळ कुटुंबे मध्य रेल्वेच्या मार्गाने दिवा, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. त्यांच्याबरोबर सामनेही सरकले. ठाण्या-डोंबिवलीच्या स्थानकांबाहेर, विजेच्या खांबावर लावलेल्या फलकावर दोन शाहिरांची किंवा दोन बुवांची छायाचित्रे समोरासमोर छापलेली दिसतात, तीच ही. अभिजन रसिक त्या फलकापुढून रोज जातो. त्यावर जे जाहीर केले आहे ते लोकसंगीत आहे, असे त्याच्या ध्यानी येत नाही.

शक्ती-तुऱ्यात दोन पक्ष असतात. एक शक्तीचे श्रेष्ठत्व मांडतो, दुसरा शिवाचे. गण, गौळण, मग सवाल आणि त्याला उत्तर, असा सामना चढत जातो. नाचणारे पायांत चाळ बांधून फेर धरतात. प्रतिपक्षाने टाकलेले पुराणातले कोडे सोडवता आले नाही, तर श्रोते तत्काळ दाद बदलतात. डबलबारीतही हेच. येथे समोरचा श्रोतृसमुदाय हाच गाण्याचा प्रसंग असतो. गावच्या मांडावरून हा सामना नाट्यगृहात आणला, तिकीट लावले, तरी दोन पक्ष आणि निवाडा करणारा समाज ही त्याची मूळ घडण टिकून राहते. नुकसान झाले ते वेळेचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यावर बंदी आणली आणि वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्यांच्या हाती ठेवली. रात्रभर चालणाऱ्या सर्वच प्रकारांना त्यामुळे कात्री लागली. नियम न्याय्यच आहे. परीक्षेच्या दिवसांत शेजारी राहिलेल्या कोणालाही तो पटेल. पण पहाटेच्या प्रहरी जे सवाल पडत, ते आता पडत नाहीत.

तेव्हा रंगमंच सर्वच लोकसंगीताला सारखा बाधतो असे नाही. सभा हाच ज्यांचा प्रसंग आहे ते प्रकार — सामना, कीर्तन, शाहिरी — स्थलांतर सोसतात. ज्यांचा प्रसंग विधी आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

४

येथे धवल्याकडे यावे लागते. आगरी, कोळी आणि वारली समाजांत विवाहविधीच्या प्रत्येक टप्प्यावर गायल्या जाणाऱ्या गीतांना धवला किंवा धवळे म्हणतात, आणि ती गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण अथवा धवळेरी. हिला ‘लोकगायिका’ म्हणणे अपुरे आहे. हळद, घाणा, मांडव, देवक अशा कृत्यांना तिच्या गाण्याने आरंभ होतो आणि तिच्या गाण्यानेच ती पुरी होतात. कुलदैवत, गावदेवी, एकवीरा, घरातले गेलेले आणि असलेले या सर्वांना ती नावाने बोलावते. विधी लांबला तर गाणे लांबते, आवरला तर आवरते. वारल्यांत तर विवाह लावण्याचा अधिकारच तिच्याकडे असतो. पौरोहित्य करणारी स्त्री आपल्या परिसरात शतकानुशतके होती. सुधारणावादी चर्चेत मात्र स्त्री-पौरोहित्य ही नवी कल्पना म्हणून अवतरली, हे आपल्या सामाजिक इतिहासाचे एक मासलेवाईक दृष्टिदोषाचे उदाहरण होय.

‘धवल’ या संज्ञेचा मागोवा घेतला तर आपण बरेच मागे जातो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’च्या प्रबंधाध्यायात विप्रकीर्ण प्रबंधांमध्ये ओवी, मंगल, चर्या यांच्या जोडीला धवलाची गणना केली आहे. त्याच शतकात महदंबेने ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने रुक्मिणी-स्वयंवराचे ‘धवळे’ रचले, आणि त्यामुळे मराठी वाङ्मयेतिहासात आद्य कवयित्रीचा मान तिला मिळाला. ही घटना विचार करण्याजोगी आहे. महदंबेने आख्यानकाव्य लिहावयाचे ठरवून ते लिहिले नाही. समोर विवाहाचा प्रसंग होता, त्या प्रसंगी धवळे गाण्याची रीत होती, आणि तिने ते गायिले. वाङ्मयेतिहासकारांनी हे धवळे महानुभाव पोथ्यांतून घेतले, त्यांची भाषा तपासली, त्यांतील भक्तिभाव आणि आख्यानरचना यांची चर्चा केली. विवाहप्रसंग मात्र प्रस्तावनेतल्या एका वाक्यात गेला. साडेसातशे वर्षांनंतरच्या आगरी धवल्याच्या चाली आणि महदंबेच्या धवळ्यांच्या चाली एकच होत्या असे कोणी म्हणणार नाही. नावाचे सातत्य म्हणजे रूपाचे सातत्य नव्हे. परंतु प्रसंगाचे सातत्य आहे, आणि ते गंभीरपणे घेण्यासारखे आहे.

संहिता उचलावी आणि प्रसंग मागे ठेवावा, ही सवय संग्राहकांनाही होती. लोकसाहित्य समितीच्या प्रकाशनांनी अपार साहित्य वाचवले, पण छापील पानावर विवाहगीत ‘विवाहगीते’ या शीर्षकाखाली येते, आणि त्यात कोणत्या क्षणी कोण काय करीत होते हे बहुधा येत नाही. याला मोठा अपवाद हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्याहून उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचा. एक लाखाहून अधिक ओव्या, गाणाऱ्या स्त्रीच्या नाव-गावासह आणि पुष्कळदा तिच्या आवाजासह, तेथे नोंदल्या गेल्या. रिचर्ड बाउमन यांनी १९७७ मध्ये मौखिक कलेचा विचार ‘प्रयोग’ म्हणून करण्याचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाचे मोल आपल्याकडे या ओव्यांच्या नोंदींत सर्वाधिक जाणवते.

ठाणे जिल्ह्याच्याच इतिहासात याचे दुसरे, अधिक बोलके उदाहरण आहे. (२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू-जव्हार हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता.) वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात. तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जात असताना आणि पुढील विधींत धवळेरी गात असते. रेषा आणि स्वर एकाच कृत्याच्या दोन बाजू आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रकला कागदावर उतरली. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यासारख्या प्रतिभावंताच्या हाती तिला वैयक्तिक शैली लाभली, ती जगभर गेली आणि २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. हे सारे आनंदाचेच आहे. पण चौक भिंतीवरून निघाला तेव्हा गाणे भिंतीपाशीच राहिले. स्त्रियांनी लिहावयाची चित्रे मुख्यतः पुरुष काढू लागले, आणि ज्यांनी गावयाचे त्या स्त्रिया त्या कीर्तीच्या कक्षेबाहेर राहिल्या. आज वारली चित्र ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. धवळेरी हा शब्द माहीत असलेला विरळा.

तारप्याचे भाग्य या दोन्हींच्या मधले. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि मेण यांतून साकारणारे हे वाद्य पावसाळा सरल्यावर, भात पिकण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत वाजू लागते. वादक मध्ये असतो. नाचणारे हातांत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. जिव्या मशे यांच्या चित्रांतले ते प्रसिद्ध सर्पिल वर्तुळ हेच. आता हे नृत्य नाट्यगृहातल्या मंचावर आणले की काय होते, ते पाहावे. वर्तुळ पुरे केले तर निम्मे नर्तक प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहतात आणि वादक दिसेनासा होतो. म्हणून वर्तुळ उघडून त्याचे अर्धवर्तुळ करतात, वादकाला पुढे आणतात, आणि सर्वजण प्रेक्षकांकडे तोंड करतात. तारप्याकडे पाठ न करण्याचा नियम त्याच क्षणी मोडतो. मंचावरचा हा बदल कोणी दुष्टपणे केलेला नाही. दिग्दर्शकाने जे करावयास हवे तेच तो करतो. जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरी वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले ते ‘कलावंत’ म्हणून. त्यांच्या पाड्यावर ते वर्तुळाचा मध्यबिंदू आहेत, आणि हे पद कोणत्याही पुरस्काराच्या यादीत नसते.

धवला मंचावर येताना मात्र अर्धवर्तुळाचीही सोय नसते. काही वर्षांपूर्वी या परिसरातील एका लोककला महोत्सवात (आयोजकांचे नाव येथे अप्रस्तुत आहे) दोन धवलारणींना बोलावले होते. निवेदिकेने भरघोस परिचय करून दिला. थोरल्या बाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि निवेदिकेकडे वळून विचारले, ‘नवरीचं नाव काय?’ सभागृहात हशा पिकला. निवेदिकेने हसून सांगितले की, येथे लग्न नाही, आपण नुसते गाणे म्हणावे. बाई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी शेजारणीशी काही बोलून एक नाव घेतले आणि सुरुवात केली. नंतर मंचामागे भेटून विचारले तेव्हा कळले की, ते त्यांच्या नातीचे नाव होते. नात सातवीत होती. ‘नाव घेतल्याबिगर देव कुनाच्या मांडवान येतील?’ असे त्या म्हणाल्या.

हशा पिकवणारे श्रोते असंस्कृत नव्हते. त्यांत मीही होतो. पण त्या प्रश्नात एक समीक्षाव्यवहार दडलेला आहे. आपल्या लेखी नाव हे गाण्यातले रिकामे स्थान आहे, ज्यात कोणतेही नाव चालते. बाईंच्या लेखी त्या नावावाचून गाणे सुरूच होत नाही, कारण गाण्याने जे घडवावयाचे ते कोणाच्या तरी बाबतीत घडवावयाचे असते. ज्याला आपण संहितेबाहेरचा संदर्भ म्हणतो, तो तिच्या दृष्टीने संहितेचा पहिला शब्द आहे. लोकगीताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करू पाहणाऱ्या कोणाही संशोधकाला या मताचा प्रतिवाद करावा लागेल, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

५

आतापर्यंत ज्या मंचांचा विचार केला, ते दुसऱ्यांनी उभारलेले होते. डोंबिवलीत आगरी युथ फोरमने भरवलेल्या आगरी महोत्सवाने हे चित्र बदलले. तेथे श्रोता आणि गायक एकाच समाजाचे असतात, तांदळाच्या भाकरीचा आणि सुक्या मासळीचा वास मंचापर्यंत येतो, आणि गाण्याला अनुवादाची गरज नसते. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेल्या नववर्ष स्वागतयात्रेत लोककला ‘चित्ररथ’ म्हणून येतात. महोत्सवात त्या स्वतःच्या घरी असल्यासारख्या वावरतात. याच संस्थेने ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या दिवसांत नव्वदाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद स्वीकारले. संमेलननगरीला नाव पु. भा. भावे यांचे, क्रीडासंकुलाला नाव वारकरी सत्पुरुष सावळाराम महाराज म्हात्रे यांचे, आणि यजमान आगरी समाजाची संस्था. भावे आणि शं. ना. नवरे यांची मध्यमवर्गीय डोंबिवली, आगऱ्यांची वारकरी डोंबिवली आणि साहित्यव्यवहार ही तीन जगे एका पत्त्यावर आली. त्यांचा संवाद झाला असे मी म्हणणार नाही. पण पत्ता एक होता.

स्वतःचा मंच मिळाला म्हणजे निवडीचा प्रश्न सुटतो असे नाही. तो अधिक टोकदार होतो. आगरी-कोळी गाणे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते शांता शेळके यांच्या शब्दांतून आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या स्वररचनेतून; पुढे वेसाव्याच्या मंडळींच्या ध्वनिफितींनी ते घरोघर वाजले. त्यामुळे समाजातल्या तरुणांच्या मनातही ‘आपले’ गाणे म्हणजे द्रुत लयीचे, नाचते, समुद्राचे गाणे अशी प्रतिमा दृढ झाली. धवला संथ आहे, वाद्यविहीन आहे, आणि त्याची लय बाहेरच्या श्रोत्यासाठी ठेवलेलीच नाही. समाजाच्या मंचावरही तो अल्पकाळ येतो आणि आदराने निरोप घेतो.

आणि येथेच बेंजोचा उल्लेख करणे भाग आहे. ठाणे-रायगड पट्ट्यातील कोणत्याही हळदीत, पालखीत, गोविंद्यात जे वाद्य आज खरोखर वाजते ते बेंजो. अमेरिकी बँजोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. ते आहे विद्युतीकरण केलेले बुलबुल तरंग. आणि बुलबुल तरंगाचे मूळ १९१२ च्या सुमारास जपानमध्ये नागोया येथे बनलेल्या ‘ताइशोगोतो’ या कळफलकाच्या तंतुवाद्यात सापडते. जपानी वाद्य, अमेरिकी नाव, वर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड : शुद्धतेच्या शोधात निघालेल्या संशोधकाला यात हाती घेण्याजोगे काही दिसत नाही. रवी जाधव दिग्दर्शित ‘बॅन्जो’ (२०१६) या हिंदी चित्रपटाने या वादकांना नायक केले, पण ‘लोकसंगीत’ या शीर्षकाखाली कोणी त्यांना बसवले नाही. लोकधारेच्या चौकटीत तारपा येतो, बेंजो येत नाही. वस्तुतः लोकसंगीताची आपण शिकवतो ती लक्षणे — समूहाची मालकी, मौखिक शिक्षण, प्रसंगाशी बांधिलकी, अनाम रचना आणि पाठभेद — लावून पाहिली, तर बेंजो पथक रंगमंचावरच्या कोळीनृत्यापेक्षा अधिक काटेकोरपणे त्यांत बसते. त्याला कमी पडते ते फक्त वय.

अमेरिकी बँजोच्या इतिहासात नेमके याच्या उलट घडले, आणि ते उद्बोधक आहे. ते वाद्य गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी पश्चिम आफ्रिकेतल्या तंतुवाद्यांच्या स्मृतीतून घडवले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते डोंगरी गोऱ्या माणसाचे ‘पारंपरिक’ वाद्य म्हणून इतके रूढ झाले, की ब्लूग्रासच्या महोत्सवांत त्याचे मूळ बहुधा उच्चारले जात नसे. एप्रिल २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला, आणि त्यात भेटलेल्या तरुणांतून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वृंद निर्माण झाला. विस्मरण मंचाने घडवले होते, स्मरणही मंचानेच घडवले. तेथे वाद्य जुने आणि त्याचे मालक विसरलेले. आपल्याकडे मालक समोर उभे आहेत. पण वाद्य नवे म्हणून त्यांचे गाणे मोजले जात नाही.

मागील लग्नसराईत डोंबिवलीजवळच्या एका गावात हळदीला गेलो होतो. रस्ता काँक्रीटचा, मांडवावर एलईडी दिवे, एका बाजूला बेंजो पथक तारा जुळवून तयार. पथकातली मुले वीस-बावीस वर्षांची होती आणि त्यांना दहाच्या आत आटोपायचे होते. त्यांचा म्होरक्या सारखा मोबाईलमधले घड्याळ पाहत होता. आत धवलारीण बसली होती. घाणा भरण्याचे काम सुरू होते आणि ती एकेक नाव घेत गात होती. मी म्होरक्याला विचारले, तुम्ही कधी सुरू करणार? तो म्हणाला, ‘आजीचं होऊ द्या. ती उठली का आमचं.’ सव्वानऊ झाले होते. आजी अजून नवऱ्याच्या आजोळच्या नावांपर्यंत पोचली होती.